चिठ्ठीची चूक आणि शब्दाची चूक : शुक्रजंतूंच्या शीतरक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

पदव्युत्तर वर्गात पारिभाषिक संज्ञांची चर्चा चालली असता एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त होय. एखाद्या शास्त्राने चुकीची संज्ञा स्वीकारली तर त्या शास्त्राचे त्यामुळे खरोखर काही बिघडते काय, असा तो प्रश्न होता. संज्ञा ही एक खूण. खूण चुकली तरी वस्तू आहे तशीच राहते, आणि शास्त्रज्ञाचा व्यवहार वस्तूशी असतो, असे त्याचे प्रतिपादन. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे आम्हीच त्याला शिकविले असल्यामुळे त्याला दोष देणेही कठीण होते. त्या दिवशी मी दिलेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले असावे. माझे झाले नाही. पुढे प्रजननशास्त्राच्या इतिहासाविषयी काही वाचन करीत असता एक प्रकरण दृष्टीस पडले. त्यात एका बाटलीवरील चिठ्ठी चुकली होती आणि एका शोधनिबंधाच्या शीर्षकातील शब्दही चुकला होता. दोन्ही चुका एकाच प्रयोगशाळेत, वर्षभराच्या अंतराने घडल्या. पहिलीची कथा सर्वतोमुखी झाली आहे. दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने परक्या शेतात पाऊल टाकण्याचे धाडस करावे ते या दुसऱ्या चुकीसाठीच.

प्रयोगशाळा लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेची. तेथील प्रायोगिक जीवशास्त्र विभागाचे प्रमुख ॲलन पार्कस हे प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रातील मान्यवर संशोधक होते. त्यांच्या हाताखाली ऑड्री स्मिथ या वैद्यकशास्त्र शिकलेल्या विदुषी काम करीत होत्या. १९४८ मध्ये त्यांना एक तरुण सहकारी मिळाला, क्रिस्टोफर पोल्ज. जन्म १९२६ चा, शेतकऱ्याचा मुलगा, रेडिंग विद्यापीठाचा कृषिशास्त्राचा पदवीधर. पोल्ज यांना हाती घ्यावयास दिलेला प्रश्न वरकरणी लहान होता : कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून पुन्हा जिवंत करता येतील काय?

प्रश्न लहान असला तरी त्याच्या पाठीशी मोठी गरज उभी होती. इंग्लंडमध्ये गुरांच्या कृत्रिम रेतनाची पद्धत त्या दशकात जोमाने पसरू लागली होती. परंतु वळूचे वीर्य थंड ठेवले तरी जेमतेम काही दिवसच उपयोगी पडत असे. वळू मेला की त्याचा वंश थांबला. आणि वळू जिवंत असला तरी त्याचे वीर्य दूरच्या गोठ्यापर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होई. काळ आणि अंतर या दोहोंवर मात करावयाची तर पेशीचे जीवन स्थगित करून नंतर ते पुन्हा चालू करण्याची युक्ती सापडणे आवश्यक होते.

ही युक्ती शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. इटलीत स्पालान्झानी यांनी १७७६ मध्ये शुक्रजंतू बर्फात थंड केले आणि पुन्हा ऊब मिळताच त्यांची हालचाल सुरू झाल्याचे नोंदविले. (येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. आपण ‘शुक्रजंतू’ म्हणतो. युरोपीय संज्ञेतही ‘प्राणी’ या अर्थाचा ग्रीक शब्द दडलेला आहे. लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या या हलत्या कणांना त्यांनी स्वतंत्र जीव मानले होते. ते मत केव्हाच मागे पडले, शब्द मात्र दोन्ही भाषांत टिकून आहे. त्यामुळे कोणाचे नुकसान झाल्याचे दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूने हे एक उदाहरण मांडून ठेवतो.) १८६६ मध्ये मान्तेगाझ्झा या दुसऱ्या इटालियन विद्वानाने गोठविलेल्या वीर्याचा साठा करण्याची कल्पना मांडली, रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या पत्नीलाही त्याच्यापासून औरस संतती व्हावी, असे त्यांचे स्वप्न होते. परंतु स्वप्नाला शास्त्राचा आधार मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले.

तो आधार देण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला बाझील ल्यूएट यांनी. हे मूळचे स्विस, अमेरिकेतील सेंट लुइस विद्यापीठात अध्यापन करणारे कॅथलिक धर्मगुरू. मारी पिएर गेहेनियो यांच्या सहकार्याने त्यांनी १९४० मध्ये नीच तापमानातील जीवन आणि मृत्यू यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : थंडी स्वतः पेशीला मारीत नाही, मारतो तो बर्फाचा स्फटिक. तेव्हा पाण्याला स्फटिक बनण्याची उसंतच मिळू दिली नाही, तर ते काचेसारखे घन होईल आणि पेशीतील सूक्ष्म रचना जशीच्या तशी राहील. आपल्याकडे तूप कढविणाऱ्या गृहिणीला या विचाराचे मर्म सांगावे लागणार नाही. तूप सावकाश निवू दिले तर ते रवाळ होते. झटकन थंड केले तर रवा बारीक राहतो, किंवा दिसतच नाही. ल्यूएट यांना पाण्याचा रवा नको होता. त्यासाठी द्रव्याचा थर अत्यंत पातळ करावयाचा, त्यातील पाणी शर्करेच्या द्रावणाने आधीच कमी करावयाचे, आणि मग ते द्रवरूप हवेत एकदम बुडवावयाचे, अशी त्यांची रीत होती. बेडकाचे शुक्रजंतू या रीतीने जिवंत राहिल्याचे त्यांनी १९३८ मध्ये दाखविलेही होते. या अवस्थांतराला त्यांनी काचेच्या लॅटिन नावावरून साधलेली संज्ञा योजिली. मराठीत आपण तिला ‘काचीभवन’ म्हणू. या शब्दाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

आता बाटलीकडे वळू. शॅफनर, हेंडरसन आणि कार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९४१ मध्ये असे प्रसिद्ध केले होते की, लेव्ह्युलोज या फळांतील शर्करेच्या द्रावणात कोंबड्याचे शुक्रजंतू गोठविले असता त्यांतील काही जिवंत राहतात. १९४८ च्या शरदात स्मिथ आणि पोल्ज यांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला. यश म्हणावे असे काही आले नाही. द्रावणांच्या बाटल्या शीतकोठीत ठेवून देण्यात आल्या आणि काम थांबले. काही महिन्यांनी त्याच बाटल्या बाहेर काढून प्रयोग पुन्हा सुरू झाला. एक सोडून बाकी सर्व द्रावणे पूर्ववत निरुपयोगी ठरली. त्या एकीतील शुक्रजंतू मात्र उणे ७९ अंशांपर्यंत, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडच्या तापमानापर्यंत, नेऊन परत आणले असता जवळजवळ सर्वच्या सर्व पूर्ववत पोहू लागले.

साहजिकच लेव्ह्युलोजचे ताजे द्रावण करून प्रयोग झाला आणि तो फसला. मग जुन्या द्रावणात असे काय होते? साठवणीच्या काळात त्यात बुरशी माजली होती. या बुरशीने शर्करेचे रूपांतर एखाद्या अपूर्व रक्षक द्रव्यात केले असावे, असा तर्क पुढे आला. १९२८ मध्ये त्याच शहरात एका बुरशीने वैद्यकाचा इतिहास बदलला होता आणि त्या घटनेला अवघी वीस वर्षे लोटली होती. तेव्हा बुरशीवर विश्वास टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु तपासणीत असे निघाले की, त्या द्रावणात अपूर्व शर्करा तर नव्हतीच, शर्कराच मुळी नव्हती. अखेरीस बाटलीत दहा-पंधरा मिलिलिटर द्रव उरला असताना तो रासायनिक पृथक्करणासाठी एका सहकारी रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आला. उत्तर आले : ग्लिसरॉल, पाणी आणि बऱ्यापैकी प्रथिन.

मग उलगडा झाला. पेशींचे पातळ छेद काचपट्टीला चिकटविण्यासाठी अंड्यातील पांढरा बलक आणि ग्लिसरॉल यांचे एक मिश्रण वापरतात. त्याला मायर अल्ब्युमिन असे नाव आहे. लेव्ह्युलोजचे प्रयोग चालले होते त्याच सुमारास शुक्रजंतूंच्या रचनेचाही अभ्यास चालला होता. त्यासाठी आणलेले हे मिश्रण त्याच शीतकोठीत ठेवले गेले होते. कोठेतरी बाटल्यांची अदलाबदल झाली. नवे प्रयोग करून पाहता असे दिसले की, प्रथिनाचा काहीच वाटा नव्हता. सारे श्रेय ग्लिसरॉलचे होते.

नावांचा विचार करणाऱ्याला येथे थोडी गंमत वाटते. ‘लेव्ह्युलोज’ हे नाव डाव्या बाजूवरून आले आहे, कारण ही शर्करा ध्रुवित प्रकाशाची पातळी डावीकडे वळविते. तिच्या गोडीचा नावात पत्ताही नाही. ‘ग्लिसरॉल’ हे नाव मात्र ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनले आहे. शर्करेची चिठ्ठी ज्या द्रवावर लागली त्याच्या स्वतःच्या नावातच गोडी होती. असो.

ही हकीकत पार्कस यांनीच काही वर्षांनी लिहून ठेवली आणि बाटल्यांचा घोटाळा नेमका कसा झाला हे आम्हांला कधीच कळले नाही, असे प्रांजळपणे सांगितले. नंतरच्या कथनांत मात्र हा न कळलेला भाग भरला गेला आहे. कोणी म्हणतो, थंडीने चिठ्ठ्या गळून पडल्या आणि कोणीतरी त्या चुकीच्या बाटल्यांना पुन्हा चिकटविल्या. कोणी म्हणतो, चिठ्ठी आरंभीच चुकीची लिहिली होती. लोककथेच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचित आहे : मूळ निवेदकाने जेथे ‘ठाऊक नाही’ म्हटले, तेथे पुढचा निवेदक तपशील घालतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या निवेदकाचे अज्ञान जपून ठेवावे हे बरे.

या कथेचा अर्थ लावताना बहुतेक लेखक ‘दैवयोग’ म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. दैवयोगाने बाटली हाती आली, एवढेच. ज्या द्रावणाचा गुण ताज्या द्रावणात पुन्हा येत नाही, ते प्रयोगशाळेत सामान्यतः मोरीत ओतले जाते आणि नोंदवहीत ‘दूषित’ असा शेरा पडतो. येथे तो न पुनरावृत्त होणारा निकाल जपला गेला, त्याच्यावर एक तर्क बांधला गेला, तो तर्क खोटा ठरल्यावर सोडला गेला, आणि शेवटचे दहा-पंधरा मिलिलिटर प्रयोगात खर्च न करता रसायनशास्त्रज्ञाच्या स्वाधीन केले गेले. तो द्रव आणखी दोन प्रयोगांत संपला असता तर काय झाले असते याचा विचार वाचकांनी करावा.

दैवयोगाच्या कथेने आणखी एक गोष्ट झाकली जाते. ग्लिसरॉलचा हा गुण त्याआधी दोनदा छापून आला होता. सोव्हिएत संघात बर्नस्टाइन आणि पेत्रोपाव्लोव्स्की यांनी १९३७ मध्ये, आणि फ्रान्समध्ये झाँ रोस्ताँ यांनी १९४६ मध्ये, ग्लिसरॉलमुळे शुक्रजंतूंना गोठणबिंदूखालील थंडी सोसते, असे दाखविले होते. रोस्ताँ यांचा प्रयोग बेडकाच्या शुक्रजंतूंवर होता आणि तापमान शून्याखाली काही अंशच होते. तरीही तत्त्व तेच. तेथे चिठ्ठी बिनचूक होती; परंतु लंडनच्या प्रयोगशाळेला ग्लिसरॉल सापडले ते या निबंधांतून नव्हे, शीतकोठीतून. भाषाभाषांतील भिंती ज्ञानव्यवहारात किती उंच असतात हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो, पण याइतके समर्पक उदाहरण माझ्याजवळ नव्हते. निसर्गाने तर हे सर्वांच्या आधी साधले होते : हिवाळ्यात थंडीशी सामना करणारे काही कीटक आपल्या शरीरात ग्लिसरॉल साठवितात, हे १९५७ च्या सुमारास उघडकीस आले.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो. पोल्ज, स्मिथ आणि पार्कस यांचे टिपण १५ ऑक्टोबर १९४९ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा आशय असा : नीच तापमानात काचीभवन आणि निर्जलीकरण झाल्यानंतर शुक्रजंतूंचे पुनरुज्जीवन. शीर्षकात ग्लिसरॉलचे नाव नाही. ज्या द्रव्यामुळे शोध लागला त्याचा उल्लेख वगळून तेथे ल्यूएट यांची संज्ञा बसली आहे. आणि ती संज्ञा तेथे लागू पडत नव्हती. ग्लिसरॉल मिसळलेले वीर्य उणे ७९ अंशांवर नेले असता त्यातील बरेचसे पाणी बर्फच बनते. काच बनत नाही. थोडक्यात, शीतकोठीतील बाटलीप्रमाणेच या निबंधावरही दुसऱ्याच पदार्थाची चिठ्ठी लागली होती.

ही चूक हलगर्जीपणाची नव्हती, हे येथे नीट लक्षात घेतले पाहिजे. ल्यूएट यांच्या ग्रंथानंतर या क्षेत्रात विचार करावयाचा तो त्या शब्दाच्या आधारानेच करावा लागे. गोठून जिवंत राहणे म्हणजे स्फटिक टाळणे, आणि स्फटिक टाळणे म्हणजे काचीभवन, अशी समीकरणे रूढ झाली होती. पेशी जगली, तेव्हा काच झालीच असली पाहिजे. बाटलीवरील चिठ्ठी आतील द्रवाविषयी एक विधान करीत होती आणि रसायनशास्त्रज्ञ ते तपासू शकत होता. शीर्षकातील शब्द आतील घटनेचे स्पष्टीकरणच देऊन टाकीत होता. म्हणून तो तपासावा असे कोणाला चटकन वाटण्याचे कारण नव्हते.

तो तपासला गेला तो गुरांच्या गोठ्यात. कोंबड्याच्या शुक्रजंतूंची हालचाल टिकली तरी कोंबडीच्या शरीरात ग्लिसरॉलच गर्भधारणेला अडथळा आणीत असे. ते वितळल्यानंतर काढून टाकण्याची तजवीज केल्यावर पोल्ज यांना पिले मिळाली आणि १९५१ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. वळूच्या वीर्याने निराळाच धडा दिला. काचीभवनाच्या सिद्धान्ताप्रमाणे जितके शीघ्र तितके चांगले. वळूचे शुक्रजंतू मात्र शीघ्र गोठविले की मरत आणि सावकाश, टप्प्याटप्प्याने थंड केले की जगत. अंड्यातील पिवळा बलक व सायट्रेट यांच्या द्रावणात वीर्य पातळ करावयाचे, त्यात ग्लिसरॉल घालून ते काही तास मुरू द्यावयाचे, आणि मग सावकाश उणे ७९ अंशांपर्यंत न्यावयाचे, अशी कृती ठरली. १९५१ मध्ये स्ट्युअर्ट यांनी गोठविलेल्या वीर्यापासून जन्मलेल्या पहिल्या वासराची नोंद प्रसिद्ध केली; १९५२ मध्ये पोल्ज आणि रोसन यांनी अशा वीर्याने गाई चांगल्या प्रमाणात गाभण राहतात हे दाखविले. तुपाच्या भाषेत सांगावयाचे तर रवा टाळावयास निघालेली मंडळी आता मुद्दाम रवाळ तूप करू लागली होती, आणि त्यातच त्यांना यश येत होते. हात एक करीत होते, शब्द दुसरेच सांगत होता.

हा विरोध मिटविला तो जेम्स लव्हलॉक यांनी. पुढे पृथ्वीविषयीच्या गाया सिद्धान्तामुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते याच संस्थेत काम करीत होते. तांबड्या रक्तपेशींवरील त्यांचे निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी गोठू लागले की शुद्ध पाण्याचा बर्फ बाजूला होतो आणि उरलेल्या द्रवातील मीठ दाट होत जाते. हे प्रमाण रक्तातील नेहमीच्या प्रमाणाच्या सुमारे पाचपट झाले की पेशीच्या आवरणाला इजा पोहोचते. उणे ३ ते उणे ४० अंश हा पट्टा म्हणूनच घातक. ग्लिसरॉल पेशीत शिरते, पाण्यात सहज मिसळते आणि त्या न गोठलेल्या द्रवाचे आकारमान राखते. त्यामुळे कोणत्याही तापमानाला मिठाची दाटी त्या मर्यादेखाली राहते. बर्फ होतोच, परंतु तो पेशीबाहेर होतो आणि त्याने बिघडत नाही. पेशीला मारीत होते ते मीठ. या स्पष्टीकरणात ‘काच’ या शब्दाला जागाच उरली नाही. (जाणकार म्हणतील की, द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवर तो उरलेला दाट द्रव अखेर काचरूपच होतो. हे खरे आहे. परंतु तोवर जगण्या-मरण्याचा निकाल लागून गेलेला असतो.)

लव्हलॉक यांच्या उत्तरात एक बाजू राहिली होती. मीठच शत्रू असेल तर जितके शीघ्र तितके बरे, असे पुन्हा ठरते; मग फार शीघ्र गोठविल्यास पेशी का मरतात? पीटर मेझर यांनी १९६३ मध्ये याचे गणित मांडले. पेशीतून पाणी बाहेर पडावयास वेळ लागतो. थंडी त्याहून वेगाने आली तर ते पाणी आतच गोठते आणि आतला बर्फ मारक ठरतो. फार सावकाश गेल्यास दाट द्रवात पेशी अधिक वेळ राहते. प्रत्येक प्रकारच्या पेशीचा सुरक्षित वेग या दोन संकटांच्या मधला, आणि प्रत्येकीचा वेगळा. याच विचाराच्या आधारे व्हिटिंगहॅम, लीबो आणि मेझर यांनी १९७२ मध्ये उंदराचे भ्रूण मिनिटाला अंश-दोन अंश इतक्या मंद गतीने गोठविले आणि त्यांपासून जिवंत पिले मिळविली.

मानवी वीर्याचा इतिहास येथे थोडक्यात आटोपतो. अमेरिकेतील आयोवा येथे बंज आणि शेर्मन यांनी गोठविलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचे १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे सामाजिक व कायदेशीर पडसाद हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि त्याचा अधिकारी मी नव्हे. गोठ्यातील इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गोठित वीर्याच्या आधारे संकरित गाईंची पैदास शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. आज खेड्यातील पशुसेवक द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रातून जी पाव मिलिलिटरची बारीक कांडी काढतो आणि कोमट पाण्यात क्षणभर धरतो, तिच्यातील द्रव्यात ग्लिसरॉल असते. त्या कांडीवर वळूचा क्रमांक, जात आणि तारीख छापलेली असते. बाटलीच्या कथेनंतर या छपाईकडे मी अंमळ अधिक आदराने पाहतो.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. काचीभवन या शब्दाने या शास्त्राचे नुकसान झाले काय? एका अर्थी तो शब्द नसता तर शोधही लागला नसता. पाणी कमी करणाऱ्या शर्करांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले ते याच विचारसरणीत. लेव्ह्युलोजच्या बाटल्या शीतकोठीत आल्या त्या त्यामुळेच. परंतु हाती आलेल्या वस्तूचे स्वरूप ओळखावयाच्या वेळी तोच शब्द आड आला. बाटलीची चूक काही महिन्यांत दुरुस्त झाली. शीर्षकाची चूक दुरुस्त व्हावयास चार वर्षे लागली, आणि तीही दुसऱ्या पेशींवर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून. ‘शुक्रजंतू’ या शब्दातील चूक निरुपद्रवी का, याचेही उत्तर येथे मिळते. त्या शब्दाचा आधार घेऊन आज कोणीही प्रयोगाची आखणी करीत नाही. तो मेलेले रूपक आहे. काचीभवन हे १९४९ मध्ये जिवंत गृहीतक होते, आणि त्याच्या आज्ञेवरून थंड करण्याचा वेग ठरत होता.

या इतिहासाला आणखी एक वळण आहे. ल्यूएट १९७४ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांची कल्पना व्यवहारात मागे पडलेली होती. १९८५ मध्ये रॉल आणि फाही यांनी रक्षक द्रव्यांच्या अत्यंत दाट मिश्रणात उंदराचे भ्रूण ठेवून ते उणे १९६ अंशांवर नेले. बर्फाचा एकही स्फटिक न होता सर्व द्रव काचरूप झाला आणि भ्रूण जगले. हे टिपणही ‘नेचर’मध्येच आले. त्याच्या शीर्षकात काचीभवन हा शब्द आहे आणि त्याच्या जोडीला ‘हिमरहित’ असे विशेषणही आहे. छत्तीस वर्षांनी शब्दाला त्याची वस्तू मिळाली. स्त्रीबीजाच्या बाबतीत तर हीच रीत निर्णायक ठरली. स्त्रीबीज ही मोठी, पाण्याने भरलेली पेशी. सावकाश गोठविण्याच्या पद्धतीला ती सहजी दाद देत नाही. ऑस्ट्रेलियात क्रिस्टोफर चेन यांना त्या पद्धतीने १९८६ मध्ये यश आले खरे, पण ते सर्वत्र सारखे साधेना. काचीभवनाने ते साधू लागले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने स्त्रीबीजाच्या शीतरक्षणावरील ‘प्रायोगिक’ हा शेरा काढून टाकला.

पोल्ज १९५४ मध्ये केंब्रिजला गेले आणि तेथेच त्यांनी पुढील आयुष्य प्राण्यांच्या प्रजननाच्या संशोधनात घालविले. डुकराच्या वीर्याच्या गोठणावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी म्हणजे इयन विल्मट, ज्यांच्या नावाशी पुढे डॉली या मेंढीचे नाव जोडले गेले. १९९२ चा जपान पुरस्कार पोल्ज यांना मिळाला. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

राहता राहिला मराठी परिभाषेचा प्रश्न. ‘गोठविणे’ हा आपला शब्द पाण्याला लागतो तसाच रक्तालाही लागतो. त्यात बर्फ अभिप्रेत असलाच पाहिजे असे नाही. तेव्हा शीतरक्षणाच्या दोन्ही रीतींना तो सामान्य संज्ञा म्हणून चालू शकेल. बर्फाच्या मार्गाने जाणाऱ्या रीतीला ‘हिमीकरण’ म्हणावे. काचरूप होण्याला ‘काचीभवन’ हा घडविलेला शब्द मी या लेखात वापरला आहे; परंतु मनातून मला ‘थिजणे’ हा घरचा शब्द खुणावीत होता. खोबरेल थिजते, तूप थिजते, भयाने माणूस जागच्या जागी थिजतो. आणि मराठीत डोळे थिजतात तेव्हा ते काचेसारखेच दिसतात. अडचण एकच. थिजलेल्या तुपात रवा असतो, आणि काचीभवनाची सारी मदार रवा नसण्यावर आहे. ही अडचण मी वर्गापुढे ठेवली, तेव्हा मूळ प्रश्न विचारणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने ‘थिजणे’ या शब्दाला कडाडून विरोध केला.